हंगामभर वापरलेलं स्टोरेज सॉफ्टवेअर: एका ‘तपासा’ बटणापायी तारे कापले

हिंगणघाटजवळच्या आमच्या जिनिंगमध्ये हे कापसाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी बसवलं. काट्याच्या पावत्या, गाड्यांचे फोटो, गाठींचे हिशेब, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग, सगळं यावरच. लाइन सारखी जाते-येते, तरी एक फाइल बिघडली नाही. एक डिस्क मेली, डेटा शाबूत. तेव्हा मी पाच तारे दिले होते. आता दोन.

कारण नोटिफिकेशन सेटिंगमधलं ‘तपासा’ बटण. तिथं नेटवर्कवरचा पत्ता टाकला की सर्व्हर स्वतः त्या पत्त्यावर जातो आणि मिळालेलं उत्तर आपल्याला दाखवतो. पत्ता कोणताही चालतो. आणि त्यामागच्या एपीआयला, म्हणजे प्रोग्रॅमनं सर्व्हरशी बोलायच्या दाराला, लॉगिनच लागत नाही! सॉफ्टवेअर कंपनीच्या सूचनेत याचं नाव होतं एसएसआरएफ, म्हणजे सर्व्हरकरवी भलत्याच पत्त्यावर विनंती पाठवून घेणं. परक्यानं फाटकाबाहेरून हाक मारावी अन् आपल्याच गड्यानं कोठीतलं पोतं त्याला नेऊन द्यावं, असा प्रकार. मी मिलबाहेर जाऊन मोबाइल डेटावरून कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरचा (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राचा) आतला पत्ता दिला. डीव्हीआरचं पान समोर! मग राउटरचंही आलं.

नागपूरच्या डीलरला फोन केला. “काहून घाबरता भाऊ, तुमचा सर्व्हर आतमधी हाये, कोण येते तिथं?” अहो, या दोषाचा निशाणा आतल्या यंत्रांवरच असतो. आतलं म्हणून त्यांना धड पासवर्डही नसतात. शिवाय सर्व्हरचा पोर्ट (नेटवर्कवरचं दार) बाहेरून उघडा ठेवला तो यांच्याच माणसानं, सपोर्टसाठी. २०१९ मध्ये कॅपिटल वन बँकेचं असंच झालं. हॅकरनं तिच्या फायरवॉललाच १६९.२५४.१६९.२५४ या क्लाउडच्या आतल्या पत्त्यावर पाठवून चाव्या काढल्या, त्या चाव्यांनी स्टोरेज उघडलं, आणि अमेरिकेतल्या सुमारे दहा कोटी लोकांची माहिती गेली. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प संस्थेनं २०२१ च्या टॉप टेन धोक्यांच्या यादीत हा दोष वेगळा नोंदवला. डीलरला हे सगळं सांगितलं, तर म्हणे पॅच (दोष दुरुस्त करणारा बदल) एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचे पैसे, भरणाऱ्यांनाच. चूक यांची, पैसे शेतकऱ्यांच्या मिलनं का भरायचे? मी थेट कंपनीला लिहिलं, आणि लावूनच धरलं.

नंतरची भर: पॅच फुकट मिळाला. आता लॉगिन लागतं, आतले पत्ते थेट दिले तर नाकारतो. पण बाहेरचा असा पत्ता दिला, जो रीडायरेक्ट करून आत पाठवतो, तर सर्व्हर अजूनही मुकाट्यानं जातो. नाकारायच्या पत्त्यांची यादी करून भागत नाही, परवानगी असलेल्या पत्त्यांची यादी हवी.

आणखी भर: पुढच्या आवृत्तीत रीडायरेक्ट बंद झालं, परवानगीची यादीही आली. साडेतीन तारे. अर्धा तारा त्या सपोर्टवाल्या मुलीसाठी, तिनं माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं. एएमसी मात्र भरलेली नाही. तुमच्याकडे हेच असेल तर आधी बाहेरचा पोर्ट बंद करा, आणि सर्व्हरला आतल्या कोणत्या यंत्रांकडे जाता येतं ते राउटरवरूनच अडवा. त्याला पैसे लागत नाहीत.