दुय्यम कामे: पगारी माणूस ठेवावा की काम बाहेर द्यावे?

पगारपत्रक, हिशेबलेखन, संगणकांची देखभाल, ग्राहकांचे फोन आणि जागेची साफसफाई ही कामे स्वतःच्या माणसांकडून करून घ्यावीत की बाहेरच्या संस्थेकडे सोपवावीत, हा प्रश्न लहान व्यवसाय चालवणाऱ्याला आज ना उद्या पडतोच. मुख्य व्यवसाय स्वतःकडे ठेवा आणि बाकीचे बाहेर द्या, असा सल्ला त्यावर सर्रास मिळतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. एखादे काम दुय्यम आहे हे सहज कळते. ते कागदावर नेमके मांडता येते का आणि पूर्ण झाल्यावर आपल्याला तपासता येते का, याचे उत्तर मात्र सहज मिळत नाही, आणि माझ्या मते निर्णय त्यावरच घ्यावा.

बाजारात सगळी कामे विकत मिळत असताना उद्योगसंस्था माणसे नोकरीला ठेवतातच कशाला, असा प्रश्न अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९३७ मध्ये मांडला होता. विकत घेण्यालाही खर्च येतो, असे त्यांचे उत्तर होते. भाव काढणे, वाटाघाटी करणे आणि दरवेळी करार करणे हे फुकट होत नाही. लहान व्यवसायात हा खर्च कोणत्याही बिलात दिसत नाही, कारण तो मालकाच्या वेळेतून जातो, आणि म्हणूनच तुलना करताना तो हमखास सुटतो.

दुसऱ्या बाजूचा हिशेबही असाच अर्धवट मांडला जातो. एखाद्या कामाला आठवड्याला ६ तास लागत असतील, तर ४० तासांच्या आठवड्यातला तो १५ टक्के वाटा झाला, आणि तेवढ्यासाठी पूर्ण वेळेचा पगार देणे परवडणारे नाही. प्रत्यक्षात मात्र तो माणूस उरलेल्या वेळात फोन घेतो, टपाल पाहतो, आलेल्या मालाची नोंद करतो आणि कोणी रजेवर असेल तर त्याचीही बाजू सांभाळतो. बाहेरची संस्था करारात लिहिले आहे तेवढेच करते (आणि तिने तेवढेच करावे, यात तिचा दोष नाही). करारापलीकडच्या प्रत्येक कामाचे वेगळे बिल येते.

पगारपत्रक बाहेर द्यायला सर्वांत सोयीचे. अमेरिकेत एडीपी ही कंपनी १९४९ मध्ये याच कामासाठी सुरू झाली, आणि पगाराचे काम बाहेर गेले यात नवल नाही: नियम ठरलेले, वेळ ठरलेली आणि उत्तर तपासता येण्याजोगे. तरीही २८ तारखेचे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहावे. एकाने दोन अर्ध्या दिवसांच्या रजा घेतल्या आहेत, दुसऱ्याने उचल घेतली आहे, आणि तिसऱ्याला १५ तारखेपासून पगारवाढ देण्याचे मालकाने तोंडी कबूल केले आहे, जे त्या दोघांशिवाय कोणालाच ठाऊक नाही. हे सारे ठरलेल्या तक्त्यात, ठरलेल्या दिवशी पोहोचवण्याचे काम तुमच्याकडेच राहते. बाहेर जाते ती आकडेमोड आणि बदलत्या नियमांवर लक्ष ठेवण्याची कटकट. एवढे जाणून घेऊनही मी हे काम बाहेरच देईन, मात्र रक्कम खात्यातून सोडण्याची अंतिम मंजुरी कधीही बाहेर देणार नाही.

हिशेबलेखनात खर्चापेक्षा वेगळाच मुद्दा महत्त्वाचा ठरतो. बिले नोंदवणारा, पैसे चुकते करणारा आणि बँकेच्या उताऱ्याशी ताळमेळ घालणारा माणूस एकच असेल, तर चूक असो वा अफरातफर, ती वर्षभर दडून राहू शकते. दोन-तीन माणसांच्या कार्यालयात ही कामे वाटून देणे अवघड असते, तेव्हा ताळमेळ बाहेरच्या लेखापालाकडे दिल्याने वाटणी आपोआप होते. त्याची उणी बाजू विलंबाची: महिना संपल्यावर येणारा ताळेबंद आज कोणाकडून किती येणे आहे हे सांगत नाही. म्हणून बिल पाठवणे आणि वसुली या गोष्टी हाताशीच राहाव्यात.

ग्राहकांचे फोन बाहेर देण्याच्या मी विरोधात आहे, फार तर कार्यालय बंद असतानाचे द्यावेत. ‘मागच्या वेळी दिले होते तसेच पाठवा,’ असे ग्राहक म्हणतो, तेव्हा बाहेरचा माणूस निरोप लिहून घेतो आणि आतला माणूस माल पाठवतो. शिवाय एकच तक्रार आठवड्यात चौथ्यांदा येते आहे, हे फोन घेणाऱ्याच्याच लक्षात येते. साफसफाई निःशंकपणे बाहेर द्यावी; ती नीट झाली की नाही हे डोळ्यांना दिसते.

संगणकांच्या देखभालीसाठी दहा जणांच्या कार्यालयाने तज्ज्ञ नोकरीला ठेवणे परवडत नाही, तेव्हा इथे प्रश्न द्यावे की नाही हा नसून कोणत्या अटींवर द्यावे हा आहे. टार्गेट या अमेरिकी विक्रीसाखळीतून २०१३ मध्ये सुमारे ४ कोटी कार्डांचा तपशील चोरीला गेला, तेव्हा चोरांना आत येण्याची वाट शीतकरण यंत्रणेच्या एका कंत्राटदाराच्या चोरलेल्या लॉगिनमधून मिळाली होती. कंत्राटदाराला वेगळे खाते आणि कामापुरताच प्रवेश द्यावा, तर डोमेन (संकेतस्थळाचा नोंदवलेला पत्ता), मुख्य पासवर्ड आणि बॅकअप व्यवसायाच्या नावे असावेत. करार संपल्यावर माहिती कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत परत मिळेल, हे सही करण्यापूर्वीच लिहून घ्यावे. नंतर मागितले तर त्याचीही किंमत लावली जाते.

पगारपत्रकाबाबत निर्णय होत नसेल, तर एक महिना दोन्हीकडे समांतर चालवून दोन्ही तक्ते शेजारी ठेवावेत. जिथे आकडा जुळत नाही तिथे आधी स्वतःची आठवण तपासावी, कारण १५ तारखेची ती पगारवाढ बहुधा कळवायचीच राहून गेलेली असते.