टेल्मिसार्टन ४०, आठ महिने घेतल्यावर: गोळी चांगली, डबा भंगार

रिव्ह्यू बीपीच्या गोळीचा आहे पण अर्धा राग गोळ्या ठेवायच्या डब्यावर आणि मेडिकलवाल्यावर निघणारे, आधीच सांगून ठेवते.

मी ५३ ची, चिपळूणला असते. दाढ काढायला गेले तर दातांच्या डॉक्टरांनी बीपी बघितलं, १६४/९८, म्हणाले दाढ राहू दे, आधी फिजिशियनकडे जा. तिथे दोनतीनदा बघून अ‍ॅम्लोडिपिन ५ सुरू केली. बीपी उतरलं, खोटं कशाला बोलू, पण दीड महिन्यात संध्याकाळी घोटे इतके सुजायला लागले की चपलेचा पट्टा रुतून वळ उठायचा आणि बोटाने दाबलं की खळगा. मी आपली मनानेच बंद करणार होते, पण म्हटलं विचारून तर बघू. डॉक्टर म्हणाले ही त्या गोळीची नेहमीची खोड आहे, आणि बदलून टेल्मिसार्टन ४० दिली. सूज आठपंधरा दिवसांत गेली.

ही गोळी सुरू करताना रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते त्यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासलं आणि तीन आठवड्यांनी परत तेच. मला वाटलं काढतायत पैसे! तर या गोळीने रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं म्हणून ते बघतात. आणि नेमकं त्याच महिन्यात लेकीने पुण्याहून माझ्यासाठी कौतुकाने लो सोडियमवालं मीठ आणलेलं. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात पोटॅशियम क्लोराइड! डॉक्टरांना फोटो पाठवला, लगेच बंद करायला सांगितलं. आता साधंच मीठ, हात आखडून. लोणचं सुटलेलं नाही ते सोडा.

गोळीचा पूर्ण परिणाम दिसायला महिनाभर गेला. पहिल्या आठवड्यात मी रोज चारचारदा मशीन लावून स्वतःलाच घाबरवत होते. आता सकाळी गोळीच्या आधी, चहाच्याही आधी, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, हात टेबलावर, मिनिटभराच्या अंतराने दोन रीडिंग. १२८/८०च्या आसपास असतं. चक्कर नाही, सूज नाही, दिवसातून एकच गोळी, मला झेपली. (भाचीने विचारलं मीपण हीच घेऊ का, तिला स्पष्ट नाही म्हटलं, दिवस राहिले असतील किंवा राहायचे असतील तर ही गोळी चालत नाही, तिची तिने डॉक्टरला विचारून घ्यावी.)

आता डबा. सात खणांचा, सोमवार ते रविवार, ऑनलाइन मागवला, हौसेने आठवड्याच्या गोळ्या स्ट्रिपमधून काढून भरून ठेवल्या. जुलै महिना, आमच्याकडे भिंतीसुद्धा घाम धरतात. गुरुवारचा खण उघडला तर गोळी फुगून मऊ, बोटाला चिकटली, ओल लागलेल्या बत्ताशासारखी. ही गोळी दमट हवा ओढून घेते, म्हणूनच तर दोन्ही बाजूंनी अ‍ॅल्युमिनियमची जाड पट्टी असते, आणि आतल्या कागदावर लिहिलेलंही असतं की घ्यायच्या वेळीच काढा. वाचतो कोण. आता अख्खी स्ट्रिप कपाटात आणि गोळी घेतली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिक. सकाळी विसरले आणि दुपारी चारला आठवलं तर तेव्हा घेते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी आठवलं तर त्या दिवसाची एकच, दोन कधीच नाहीत.

आणि मेडिकलवाला, नाव नाही लिहीत. सप्टेंबरमध्ये ह्यांना पाठवलं, तोच रंग, तेच नाव, फक्त पुढे बारीक एच. मी चार दिवस घेतली. रात्री दोनदोनदा लघवीला उठतेय, पोटऱ्यांत गोळे, आणि एका सकाळी भाकरी थापताना उठले तर डोळ्यांपुढे अंधार, ओट्याला धरून उभी राहिले. लेक व्हिडिओ कॉलवर म्हणाली आई स्ट्रिप दाखव. एच म्हणजे त्यात हायड्रोक्लोरोथायाझाइड, लघवी वाढवणारी, मला ती लिहूनच दिलेली नव्हती. विचारायला गेले तर म्हणे "ताई एकच आहे हो, जरा वरची आहे". वरची!! त्याच दुकानात ह्यांनी माझ्या गुडघ्यासाठी चिठ्ठीशिवाय डायक्लोफेनॅक, म्हणजे दुखण्यावरची गोळी, मागितली तीपण बिनबोभाट मिळाली, ती घेऊन आठवड्यात माझं बीपी १५२, डॉक्टर रागावले, म्हणाले अशा गोळ्या बीपी चढवतात आणि या गोळीबरोबर किडनीला जड जातात, दुखलं तर आधी मला विचारा. जुलाब उलट्या लागल्या तरी गोळी चालू ठेवायची का ते फोन करून विचारायचं, हेही तेव्हाच सांगितलं.

आता काउंटरवरच चष्मा लावून मोठ्या नावाखालची बारीक ओळ वाचते, फक्त टेल्मिसार्टन आणि ४०, पुढे काही नाही ना, मग तारीख, मग पैसे. मागे लाइन लागते, लागू दे. जनऔषधी केंद्रातून घेते हल्ली, बरीच स्वस्त पडते, तिथेही वाचतेच.

गोळीला ५ पैकी ४, एक तपासण्यांच्या चकरांचा कापला. डबा वाया नाही गेला, त्यात मसाला ठेवते, सोमवारच्या खणात लवंग, गुरुवारच्यात दालचिनी.