फाईलमेकर वेबडायरेक्ट, आठ महिन्यांनंतर: ‘ताई, रेकॉर्ड एडिटच नाही होऊन राहिलं’

नागपूरच्या कळमना मार्केटात आमची संत्र्याची अडत आहे. मागच्या ऑक्टोबरात आंबिया बहाराची आवक सुरू होता होता लॉटच्या नोंदी वहीतून फाईलमेकर या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये आणल्या आणि त्याच्याच वेबडायरेक्ट या सोयीनं ब्राउझरवर खुल्या केल्या. (२०१३ साली फाईलमेकर १३ सोबत जुनं इन्स्टंट वेब पब्लिशिंग जाऊन हे आलं.) काट्यावरचा मुलगा फोनवरून वजन टाकायचा (मार्चपर्यंत), भाऊ लिलावाचा भाव टाकतो, मुनीमकाका गाळ्यात बसून पट्टी (शेतकऱ्याच्या विक्रीचं बिल) काढतात, मी वर्धमाननगरच्या घरून हिशेब बघते. आता मृगाचा मालही आटोपला, म्हणून सावकाश लिहितेय.

दिसायला झकास, देवनागरी नीट चालते, फोनवर वेगळं ॲप लागत नाही. पण पहिले दोन महिने शीर्षकातलं वाक्य रोज चार वेळा ऐकलं.

आधी मी नेटला शिव्या दिल्या. नेटचा काही दोष नव्हता. फाईलमेकरमध्ये एकानं रेकॉर्डमध्ये, म्हणजे एका नोंदीत, बदल सुरू केला की तो रेकॉर्ड दुसऱ्यांसाठी बंद होतो, आणि पहिल्याचा बदल जतन झाला किंवा रद्द झाला की मगच सुटतो. वाचता येतो, बदलता येत नाही. स्क्रिप्टमध्ये (आपण लिहून ठेवलेल्या आज्ञांच्या यादीत) हाच अडथळा एरर ३०१ म्हणून येतो. आमच्याकडे मुलगा वजनाचे दोन आकडे टाकून हमालांना हाक मारायला जायचा, फोन खिशात, कर्सर रकान्यातच. इकडे मुनीमकाका त्याच लॉटवर अडून बसलेले. भरीस भर म्हणजे चौघं एकाच नावानं लॉगिन करत होतो, त्यामुळे रेकॉर्ड कोणी अडवलाय हेही कळेना. प्रत्येकाला वेगळं खातं दिलं, निष्क्रिय सेशनची मुदत कमी केली आणि लेआउटवर, म्हणजे नोंदीच्या पानावर, मोठं ‘जतन’ बटण ठेवून त्याला कमिट रेकॉर्डची (रेकॉर्ड जतन करून सोडायची) स्क्रिप्ट जोडली. अगदीच अडलं तर सर्व्हरच्या ॲडमिन कन्सोलमध्ये जाऊन त्या माणसाला डिस्कनेक्ट करते, पण त्याचं अर्धवट टाइप केलेलं जाऊ शकतं, म्हणून आधी फोन करून विचारते.

तरी एक दुखणं उरलंच. काटोलच्या एकाच शेतकऱ्याचे तीन लॉट एका सकाळी लागले की हमखास भांडण. कारण त्याची उचल आणि शिल्लक मी त्याच्याच रेकॉर्डवर एका रकान्यात ठेवली होती. कुठलाही लॉट विकला की तोच एक रेकॉर्ड खोडून नवा आकडा लिहायचा, आणि तो लिहायला तिघं एकदम धावणार. मी लॉकचे उपाय शोधत बसले होते, तेव्हा मुनीमकाका चहा फुंकत म्हणाले, “काहून वं ताई, वहीत आपण शिल्लक खोडून लिहितो का? जमा-नावे खाली लिहत जातो, बेरीज शेवटी.”

तीस वर्षं रोजकीर्द लिहिणाऱ्याला जे दिसलं, ते मला कॉमर्सची पदवी असून दिसलं नाही. उचलीचं वेगळं टेबल केलं. प्रत्येक व्यवहाराची नवी ओळ, आणि शिल्लक गणनेनं निघते. जुन्या ओळीला हात लावायचंच कारण उरलं नाही, तशी अडवाअडवीही जवळपास थांबली. हे पहिल्या दिवशी केलं असतं तर आंबियाचा अर्धा हंगाम सुखात गेला असता.

बाकीच्या तक्रारी बहुतेक माझ्याच सेटिंगच्या निघाल्या. अडतीची रक्कम गणनेचा रकाना आहे, तो हातानं बदलणारच नाही. काका दोन दिवस त्यावर टिचक्या मारत होते. कॅरेटच्या रकान्यात फक्त आकडेच चालतील अशी अट होती आणि मुलगा ‘४२ कॅरेट’ असं लिहायचा. एका लेआउटवर लिलावाच्या दराच्या रकान्याची ब्राउझ मोडमधली (रोजच्या कामातली) एंट्री मीच बंद करून विसरले होते.

सर्वांत लाजिरवाणी चूक पट्टीची. पट्टी क्रमांक पडला की लॉट कुणी बदलू नये, असं मी प्रिव्हिलेज सेटमध्ये (कुणाला काय करता येईल ते ठरतं तिथे) सूत्र लिहून ठेवलं होतं. कल्पना बरोबर. पण माझी स्क्रिप्ट छपाईचं पान नुसतं उघडलं तरी क्रमांक टाकायची. काका वजन ताडून बघायला पान उघडायचे, चूक दिसायची, मागे येऊन दुरुस्त करायला गेले की परवानगी नाही, म्हणजे एरर २००. ३०१ आणि २०० यांतला फरक तेव्हा कळला. ३०१ मध्ये थोडं थांबलं की काम होतं, २०० मध्ये दिवसभर थांबूनही नाही. आता क्रमांक छपाई पक्की केल्यावरच पडतो.

घ्यावं का? चार-पाच जणांच्या अडतीला, आणि घरात कुणी डोकं लावणारं असेल तर, जरूर. काट्यावर मात्र फोन देऊ नका. उन्हात स्क्रीन दिसत नाही, बोटं मातीची, आणि रेंज गेली की जतन न झालेलं गेलंच समजा. आम्ही मार्चपासून काट्यावर परत चिठ्ठी सुरू केली. मुलगा लिहितो, दर अर्ध्या तासानं गाळ्यात आणून देतो, काका एका बैठकीत टाकतात. आणि हो, सर्व्हरला इन्व्हर्टर लावा, मे महिना यायच्या आत.