ओपनसिम: गुडघ्याच्या आतला भार शोधणारे मोफत सॉफ्टवेअर

गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसचा, म्हणजे सांध्याच्या झिजेचा, रुग्ण तपासताना एक्स-रे हाताशी असतो आणि रुग्णाची चालही समोर दिसत असते, तरीही जी गोष्ट सर्वांत आधी कळायला हवी ती या दोन्हींत सापडत नाही. पाऊल टेकल्यावर गुडघ्याच्या आतल्या, म्हणजे दुसऱ्या पायाकडच्या, बाजूवर नेमका किती भार पडतो, ही ती गोष्ट. एक्स-रेमध्ये कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, दिसतच नाही, फक्त दोन हाडांमधली फट दिसते. आणि फट कमी झालेली दिसते तेव्हा झीज बरीच पुढे गेलेली असते. हा न दिसणारा भार गणिताने काढण्यासाठी मी गेली चार वर्षे ओपनसिम हे सॉफ्टवेअर वापरत आले आहे. फिजिओथेरपीत आणि चालीच्या विश्लेषणात काम करणाऱ्यांना त्याचा उपयोग किती आणि कुठवर, हे सांगण्यासाठी हा अभिप्राय लिहीत आहे.

ओपनसिम स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झाले आणि २००७ साली सर्वांसाठी खुले झाले. ते विनामूल्य आहे, त्याचा मूळ कोडही खुला आहे, विंडोज आणि मॅक या दोन्हींवर ते चालते आणि पायथन किंवा मॅटलॅब या प्रोग्रामिंगच्या भाषांमधूनही चालवता येते. उतरवून घेणे आणि संगणकावर बसवणे यात काहीच अवघड नाही, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

कामाची रीत अशी आहे. रुग्णाच्या त्वचेवर ठरावीक जागी मार्कर, म्हणजे कॅमेऱ्याला ओळखता येतील अशा खुणा, लावून त्याची चाल कॅमेऱ्यांनी टिपली जाते आणि त्याच वेळी जमिनीतली फोर्स प्लेट पायाखालचा जोर नोंदवते. सॉफ्टवेअर आपल्याकडचा तयार सांगाडा त्या रुग्णाच्या मापाचा करून घेते, मार्करांवरून प्रत्येक सांध्याचा कोन ठरवते, त्यावरून सांध्याला लागणारा एकूण आघूर्ण, म्हणजे सांधा फिरवणाऱ्या जोराचा परिणाम, काढते आणि शेवटी तो आघूर्ण कोणत्या स्नायूने किती ओढून पुरवला असेल याची वाटणी करते. ही शेवटची पायरीच मोलाची आहे. गुडघ्यावर शरीराचे वजन तर पडतेच, पण त्याहून मोठा वाटा सांध्याला आवळून धरणाऱ्या स्नायूंच्या ताणाचा असतो, कारण मांडीचा पुढचा स्नायू सांध्यापासून अवघ्या काही सेंटिमीटरवरून काम करतो आणि इतक्या आखूड तरफेवर त्याला फार जोर लावावा लागतो. बर्लिनच्या संशोधकांनी कृत्रिम गुडघ्यात संवेदक बसवून रुग्णांच्या शरीरात प्रत्यक्ष भार मोजला, तेव्हा सपाट जागी चालताना तो वजनाच्या सरासरी २६१ टक्के आणि जिना उतरताना ३४६ टक्के भरला. जिना उतरताना दुखते असे रुग्ण इतक्या सातत्याने का सांगतात, ते या दोन आकड्यांवरून कळते.

आता ज्या बाबतीत सावध राहायला हवे तिथे वळते. ओपनसिमसोबत मिळणारे सर्वांत जुने आणि अजूनही खूप वापरले जाणारे प्रारूप (मॉडेल), म्हणजे सांगाडा आणि स्नायू यांची संगणकातली प्रतिकृती, ‘गेट २३९२’ या नावाचे आहे. नावातला आकडा २३ हालचाली आणि ९२ स्नायुघटक सांगतो. चालीच्या सर्वसाधारण अभ्यासाला ते पुरेसे आहे, पण त्यातला गुडघा केवळ वाकतो आणि सरळ होतो, त्यामुळे सांध्यावरचा एकूण भार कळला तरी आतल्या आणि बाहेरच्या बाजूंमध्ये तो कसा वाटला गेला हे कळत नाही. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये तर सगळा प्रश्न या वाटणीचाच आहे. पहिले कित्येक महिने मी याच प्रारूपातून निघालेल्या एकूण भारावरून आतल्या बाजूबद्दल निष्कर्ष काढत होते. ती चूक माझी होती, कारण प्रारूपाच्या माहितीपत्रकात गुडघ्याची रचना स्पष्ट दिलेली आहे आणि मी ती वाचली नव्हती. या कामासाठी लर्नर आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली मांडलेले प्रारूप घ्यावे. त्यात दोन्ही बाजूंचे संपर्कबिंदू वेगळे आहेत आणि रुग्णाचा पाय समोरून पाहताना किती बाकदार आहे ते एक्स-रेवरून भरता येते. याला किती महत्त्व आहे ते त्यांच्याच कामात दिसते: बाकाच्या कोनात एका अंशाचा फरक पडला तरी आतल्या बाजूवरचा भार सुमारे ५० न्यूटनने बदलतो. आपल्या रुग्णांपैकी अनेकांचे पाय धनुष्यासारखे बाकलेले असतात, आणि तयार सांगाड्याचे पाय मात्र सरळ असतात. तो केवळ उंचीप्रमाणे लहानमोठा करून वापरला, तर ज्याच्यासाठी गणित मांडले त्याचा आजारच गणितातून वगळला जातो.

दुसरी उणीव स्नायूंच्या वाटणीत आहे आणि ती अधिक खोल आहे. नेहमीची पद्धत असे गृहीत धरते की शरीर कमीत कमी श्रमात काम भागवते. निरोगी चालीला हे बऱ्यापैकी लागू पडते. पण दुखरा गुडघा सांभाळणारा माणूस मांडीचा पुढचा आणि मागचा स्नायू एकाच वेळी आवळून धरतो, आणि गणिताच्या नजरेत हे आवळणे निरर्थक असल्यामुळे ते धरलेच जात नाही. परिणामी सर्वांत जास्त दुखणाऱ्या रुग्णाचा भार प्रत्यक्षापेक्षा कमी दिसण्याचा धोका असतो. स्नायूंची विद्युत नोंद सोबत घेऊन ती गणितात वापरली तर हे बरेच सुधारते. मी आता त्या नोंदीशिवाय कोणाही रुग्णाचा आकडा गंभीरपणे घेत नाही.

एवढे असूनही हे साधन मला आवश्यक वाटते, त्याचे कारण पुढे देते. आतल्या बाजूच्या भाराचा अंदाज म्हणून अनेक ठिकाणी गुडघ्याशी नडगीला आत झुकवणारा बाह्य आघूर्ण वापरतात, कारण तो काढणे सोपे असते. २०१० साली वॉल्टर, डी’लिमा आणि फ्रेग्ली यांनी संवेदक बसवलेल्या गुडघ्यावर दाखवून दिले की हा आघूर्ण कमी झाला म्हणजे आतल्या बाजूचा भार कमी झालाच, असे होत नाही. चाल बदलताना गुडघा जास्त वाकला, तर स्नायूंचा ताण वाढून मिळालेला फायदा निघून जाऊ शकतो. रुग्णाला ‘असे चाला’ सांगण्यापूर्वी हे तपासण्याचा मार्ग स्नायूंसह केलेले प्रारूपच देते.

आणि चाल बदलण्याचा उपाय निष्फळ नाही. २०२५ साली ‘लॅन्सेट ऱ्ह्युमॅटॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात ६८ रुग्णांची यादृच्छिक चाचणी, म्हणजे रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडून केलेली चाचणी, प्रसिद्ध झाली. तिच्यात पाऊल ५ किंवा १० अंशांनी आत किंवा बाहेर वळवून पाहिले, ज्याचा भार ज्या बदलाने सर्वाधिक घटला त्याला तोच बदल शिकवला, आणि वर्षानंतर तुलनेच्या गटापेक्षा वेदना कमी व कूर्चेची हानी मंद आढळली. तिथला निकष बाह्य आघूर्णाचाच होता, संपूर्ण स्नायू प्रारूपाचा नव्हता, हे नमूद करायला हवे. मला त्यातून सर्वांत महत्त्वाचे वाटले ते हे की सरसकट सर्वांना एकच चाल शिकवली नाही. कोणाला पाऊल आत वळवून लाभ झाला, कोणाला बाहेर वळवून. तो निर्णय डोळ्यांनी करता येत नाही.

ज्यांच्याकडे चालीची प्रयोगशाळा नाही त्यांच्यासाठी याच परिवारातले ओपनकॅप आहे, ज्यात दोन आयफोनच्या चित्रीकरणातून चाल टिपता येते आणि शैक्षणिक संशोधनासाठी ते विनामूल्य आहे. त्याच्या २०२३ च्या निबंधात सांध्यांच्या कोनांतली सरासरी चूक ४.५ अंश दिली आहे. वर सांगितलेला पावलाचा बदलच ५ अंशांचा असू शकतो. म्हणून मोठ्या गटांच्या तुलनेला मी ते आनंदाने सुचवीन, पण एका रुग्णाच्या पावलाचा कोन ठरवण्यासाठी सुचवणार नाही.

कूर्चेच्या आत ताण कसा पसरतो हे पाहायचे असेल तर ओपनसिम पुरत नाही, कारण त्यातली हाडे कठीण ठोकळे आहेत. त्यासाठी युटा आणि कोलंबिया विद्यापीठांतले फेबायो हे सॉफ्टवेअर आहे, तेही मोफत; मात्र एमआरआयमधून कूर्चा आणि मेनिस्कस (गुडघ्यातली अर्धचंद्राकृती गादी) रेखून घेण्यात इतका वेळ जातो की रोजच्या दवाखान्यात ते अद्याप बसत नाही.

एक इशारा मनापासून द्यावासा वाटतो. मार्कर चुकीच्या जागी लावला तरी सॉफ्टवेअर थांबत नाही. पडद्यावर सांगाडा तितक्याच डौलाने चालतो आणि आकडे तितक्याच दशांश स्थळांपर्यंत निघतात. मार्करांची सरासरी चूक २ सेंटिमीटरच्या आत आहे ना, हे प्रत्येक वेळी स्वतः पाहावे लागते.

शिकायला वेळ लागतो. मला विश्वास बसेल असा पहिला आकडा मिळायला सात महिने लागले. नव्याने सुरुवात करणाऱ्याने स्वतःच्या रुग्णांपासून सुरुवात करू नये. गुडघ्यावरच्या भाराचे भाकीत करण्याच्या ‘ग्रँड चॅलेंज’ स्पर्धेसाठी संवेदक बसवलेल्या रुग्णांची चाल, स्नायूंची विद्युत नोंद आणि प्रत्यक्ष मोजलेला भार ही सगळी माहिती खुली केलेली आहे. ती घ्यावी, मोजलेल्या भाराची फाइल न उघडता आधी आपले उत्तर काढावे आणि मग दोन्ही आलेख एकावर एक ठेवावेत. माझा आलेख पहिल्या वेळी मोजलेल्याच्या बराच वर गेला होता. पायाचा बाक एक्स-रेप्रमाणे भरल्यावर तो खाली आला, आणि उरलेला फरक कशामुळे आहे हे शोधताना मी हे सॉफ्टवेअर खऱ्या अर्थाने शिकले.