नातवंडं भारतात येणार : ई-व्हिसा, साधा व्हिसा की ओसीआय?

आई-बाबांकडे भारतीय पासपोर्ट, पण बाळ जन्मलं न्यू जर्सीत, म्हणून त्याचा पासपोर्ट अमेरिकन. ते सहा महिन्यांचं असो की सोळा वर्षांचं, भारत सरकारच्या लेखी ते परदेशी नागरिक. आई-बाबांच्या कडेवर बसून आलं तरी व्हिसा किंवा ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) हवंच. ते नसेल तर तिकडच्या विमानतळावर चेक-इनलाच अडवतात. तिकिटं काढून झाल्यावर हे लक्षात येणारी कुटुंबं दर दिवाळीला आणि दर डिसेंबरला भेटतात. इकडे आजी-आजोबांनी बारशाची नाही तर मुंजीची तारीख धरलेली असते, आणि तिकडे आई-बाबा रात्री जागून फॉर्म भरत असतात.

अशा घरांपुढे तीन रस्ते असतात. घरबसल्या काढायचा ई-व्हिसा, वकिलातीमार्फत पासपोर्टवर चिकटवून मिळणारा साधा व्हिसा आणि ओसीआय कार्ड. कुठला धरायचा हे नुसतं फी बघून ठरवू नये. येणारा माणूस कोण आहे, तो किती वेळा येणार आहे आणि अचानक निघायची वेळ येऊ शकते का, हे आधी बघावं.

ई-व्हिसा

ई-व्हिसाची सोय नोव्हेंबर 2014 मध्ये सुरू झाली. पर्यटनाच्या ई-व्हिसात तीन मुदती आहेत : 30 दिवस, 1 वर्ष आणि 5 वर्षं. नातेवाइकांना भेटणं याच प्रकारात बसतं, त्यामुळे मावशीच्या लग्नाला येणाऱ्या मुलासाठी वेगळा व्हिसा शोधायची गरज नाही. अमेरिकन पासपोर्टला 30 दिवसांच्या व्हिसाची फी एप्रिल ते जूनमध्ये 10 डॉलर आणि बाकीच्या महिन्यांत 25 डॉलर आहे. 1 वर्षाला 40 डॉलर आणि 5 वर्षांना 80 डॉलर, वर थोडा बँकेचा आकार. देशागणिक दर बदलतात.

आकडे बघितले की माझं मत सरळ आहे : 30 दिवसांचा व्हिसा मुलांसाठी काढूच नये. त्यावर दोनदाच प्रवेश मिळतो आणि अर्जही प्रवासाच्या आधीच्या 30 दिवसांतच करता येतो, म्हणजे सगळी धावपळ नेमकी शेवटच्या महिन्यात येते. 1 आणि 5 वर्षांच्या व्हिसाचा अर्ज 120 दिवस आधीपासून करता येतो आणि ये-जा कितीही वेळा. 1 वर्षाचे दोन व्हिसा काढले तरी तेवढेच पडतात, म्हणजे पाच वर्षांत वेगवेगळ्या वर्षी दोन फेऱ्या झाल्या तरी 80 डॉलर वसूल होतात. अट एवढीच की एका कॅलेंडर वर्षात भारतातला मुक्काम 180 दिवसांच्या वर जाता कामा नये. हा व्हिसा इथे आल्यावर वाढवून मिळत नाही, दुसऱ्या प्रकारात बदलूनही मिळत नाही. मुंबई, पुणे, नागपूर आणि गोव्यातले दोन्ही विमानतळ या व्हिसावर उतरण्यासाठी चालतात.

मधेच मुलाचा पासपोर्ट संपला, तर नव्या पासपोर्टवर जुना ई-व्हिसा चालतो, पण ज्यावर व्हिसा काढला होता तो जुना पासपोर्टही सोबत आणावा लागतो. लहान मुलांचा अमेरिकन पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, त्यामुळे हा प्रसंग हटकून येतो. जुना पासपोर्ट खणात ठेवून निघू नका.

फॉर्मवर जरा थांबतो, कारण अर्ज फसतात ते इथेच. मुलाचा फोटो चौकोनी हवा, पार्श्वभूमी पांढरी, चेहऱ्यावर सावली नको. तान्ह्या बाळाचा असा फोटो काढणं म्हणजे अर्धा दिवसाचं काम. पांढऱ्या चादरीवर झोपवून वरून काढला तर जमतो. पासपोर्टचं पहिलं पान पीडीएफमध्ये लागतं आणि ते 300 केबीच्या आत बसवावं लागतं. नाव पासपोर्टवर जसं छापलंय तसंच लिहायचं. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं. ते तिकडच्या पासपोर्टवर कधी पहिल्या नावाच्या रकान्यात असतं, कधी नसतंच. पासपोर्टवर नसेल तर फॉर्ममध्येही नको. पुढे भारतातल्या एका ओळखीच्या व्यक्तीचं नाव, पत्ता, फोन मागतात. तिथे आजी-आजोबांचा चालू असलेला नंबर द्या. आई-वडील किंवा आजी-आजोबा यांच्यापैकी कोणी पाकिस्तानचे नागरिक होते का, हा प्रश्नही असतो. तसं असेल तर ई-व्हिसाचा रस्ता बंद, वकिलातीतूनच अर्ज करावा लागतो.

आणि एक कळकळीची सूचना. सरकारी संकेतस्थळ एकच आहे, इंडियन व्हिसा ऑनलाइन, आणि त्याचा पत्ता डॉट जीओव्ही डॉट इन असा संपतो. गूगलवर शोधलं की हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळं आधी वर येतात. ती दुप्पट-तिप्पट पैसे घेतात, आणि मुलाच्या पासपोर्टची प्रत नको त्यांच्या हाती जाते ते वेगळंच. वयस्कर माणसं तर तिथे हमखास फसतात. पत्त्याचा शेवट वाचल्याशिवाय कार्डाचा नंबर टाकू नका.

साधा व्हिसा

ई-व्हिसा आल्यापासून याची गरज कमी झाली, पण दोन जागी हाच उपयोगी पडतो. पहिली जागा म्हणजे ज्याचा भारताशी रक्ताचा संबंध नाही पण जो वर्षानुवर्षं येत राहणार आहे, असा माणूस. अमेरिकन नागरिकाला 10 वर्षांचा पर्यटन व्हिसा मिळू शकतो. दुसरी जागा म्हणजे एंट्री व्हिसा. भारतीय वंशाच्या माणसांना आणि त्यांच्या जोडीदाराला-मुलांना तो मिळतो, आणि ज्यांचं ओसीआयचं अजून जमत नाही पण सहा महिन्यांहून जास्त राहायचंय त्यांना तो बरा. मात्र सलग 180 दिवसांच्या पुढे मुक्काम जाणार असेल तर एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, नोंदणी करावी लागते. ती आता ऑनलाइन होते.

ओसीआय

आई-वडिलांना खरा प्रश्न असतो तो इथे. एका ओसीआयची फी परदेशातून अर्ज केला तर 275 डॉलर, वर अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचा आकार. दोन मुलांचे 550 डॉलर. तेच 5 वर्षांचे ई-व्हिसा 160 डॉलरमध्ये होतात. एवढा फरक कशासाठी द्यायचा?

त्यात मिळतं ते असं. आयुष्यभराचा व्हिसा, कितीही वेळा प्रवेश, कितीही दिवस मुक्काम आणि एफआरआरओची नोंदणी नाही. पुढे मुलाला पुण्यात नोकरी करावीशी वाटली तर वेगळा व्हिसा लागत नाही. घर विकत घेता येतं. शेतजमीन विकत घेता येत नाही, पण गावची शेती वारशाने येऊ शकते. मतदानाचा हक्क मिळत नाही. ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व असा समज अजूनही घट्ट आहे, पण तसं नाही.

मार्च 2021 च्या अधिसूचनेनंतर स्मारकांच्या आणि राष्ट्रीय उद्यानांच्या प्रवेश फीमध्ये ओसीआयवाल्यांना भारतीयांचाच दर लागतो. अजिंठा, वेरूळ, घारापुरीला भारतीयांना 40 रुपये आणि परदेशी पाहुण्यांना 600 रुपये तिकीट आहे. म्हणजे नुसत्या ई-व्हिसावर आलेल्या तिघांनी अजिंठा-वेरूळ केलं तर 3600 रुपये, ओसीआय असेल तर 240. पैशापेक्षा मला यातलं एक वेगळं वाटतं : पंधरा वर्षांच्या पोराला वेरूळच्या खिडकीवर आपल्या आजीच्याच रांगेत, तिच्याच दरात तिकीट मिळतं.

याच अधिसूचनेत शिक्षणाची एक अटही आहे आणि परत यायचा विचार करणाऱ्या घरांना ती बऱ्याचदा उशिरा कळते. नीट किंवा जेईई देऊन ओसीआय विद्यार्थ्याला फक्त एनआरआयच्या किंवा जादाच्या (सुपरन्यूमररी) जागांवर प्रवेश मिळतो, सर्वसाधारण जागांवर नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2023 मध्ये ही अट 4 मार्च 2021 नंतर ओसीआय घेतलेल्यांनाच लागू राहील असं ठरवलं. मूल दहावीत असताना पुण्याला परतून त्याला इथे डॉक्टर करायचा बेत असेल, तर आधी एनआरआय जागांच्या फीचा अंदाज घ्या आणि मगच ठरवा.

पण माझ्या दृष्टीने ओसीआयचं खरं मोल मध्यरात्रीच्या फोनमध्ये आहे. वडील आयसीयूत आहेत असं कळल्यावर माणूस त्याच रात्रीचं विमान बघतो. ई-व्हिसासाठी किमान चार दिवस आधी अर्ज करावा लागतो. ते चार दिवस काय असतात हे ज्यांच्यावर वेळ आलीय त्यांनाच ठाऊक. सप्टेंबर 2023 मध्ये भारत-कॅनडा संबंध बिघडले आणि कॅनडाच्या नागरिकांना व्हिसा देणं थांबलं. ई-व्हिसा परत सुरू व्हायला नोव्हेंबरचा शेवट उजाडला. त्या काळात ओसीआय असलेले मात्र ये-जा करत होते. तरी ही सोय कधीच अडत नाही असंही नाही : मार्च 2020 मध्ये कोविडमुळे ओसीआयवरचा प्रवेशही स्थगित झाला होता.

आता कागदांचं. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग कागद केंद्राकडे द्यायचे आणि काही आठवडे थांबायचं. मुलाचा जन्मदाखला, आई-वडिलांचे पासपोर्ट, लग्नाचं प्रमाणपत्र आणि दोघांच्या सह्या. घास अडकतो तो बहुधा आईच्या नावात. आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही. पासपोर्टवर माहेरचं, लग्नाच्या दाखल्यावर दोन्ही, बाळाच्या जन्मदाखल्यावर सासरचं, असं झालं की अर्ज परत येतो. बाळाचा जन्मदाखला करतानाच आईचं नाव तिच्या पासपोर्टप्रमाणे लिहून घेतलं तर हा ताप वाचतो. सही न करणाऱ्या बाळाचा डाव्या अंगठ्याचा ठसा चौकटीच्या आत उमटावा लागतो. मूठ घट्ट मिटलेल्या बाळाचा ठसा घ्यायचा तर ते गाढ झोपेत असताना घ्यावा, आणि आधी कोऱ्या कागदावर दोन-तीन ठसे काढून बघावेत.

आई-वडिलांनी स्वतः परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, तर भारतीय पासपोर्ट परत केल्याचा दाखला लागतो. हे काम लांबणीवर टाकलेली घरं पुष्कळ आहेत आणि मुलांचा अर्ज तिथेच अडून बसतो.

पात्रता पणतवंडांपर्यंत जाते. मूळ व्यक्ती 26 जानेवारी 1950 ला किंवा त्यानंतर भारताची नागरिक असावी, किंवा त्या दिवशी नागरिक व्हायला पात्र असावी, किंवा 15 ऑगस्ट 1947 नंतर भारतात आलेल्या प्रदेशातली असावी. या शेवटच्या कलमामुळे पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्या गोंयकारांनाही दार उघडं राहतं. मॉरिशसच्या भारतीय वंशाच्या लोकांना सरकारने सातव्या पिढीपर्यंत सवलत दिली, त्यामुळे तिथली मराठी घरंही त्यात आली. कोकणातून इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएल कुटुंबांचा प्रश्न वेगळा होता. परदेशी सैन्यात असलेल्यांना ओसीआय मिळत नाही, आणि तिथे तर सैन्यसेवा सक्तीची. सक्तीची सेवा केलेल्यांनाही ओसीआय देऊ, असं 2017 च्या इस्राएल दौऱ्यात पंतप्रधानांनी जाहीर केलं. आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजोबा-पणजी यांच्यापैकी कोणी कधी पाकिस्तान वा बांगलादेशचे नागरिक असतील, तर मात्र ओसीआय मिळत नाही.

मग कोणी काय घ्यावं

पहिलीच भारतवारी असलेलं तान्हं बाळ आणि तिकीट महिन्या-दीड महिन्यावर : 5 वर्षांचा ई-व्हिसा. ओसीआयच्या मागे लागून आजीच्या पंचाहत्तरीची तारीख पणाला लावू नका, परत गेल्यावर सावकाश अर्ज करा. पर्यटन व्हिसावर इथे येऊन इथूनच ओसीआय काढू, हा बेत करू नका. तसा अर्ज घेतला जात नाही.

दर वर्षी सुट्टीला येणारी मुलं, इथे म्हातारे आई-वडील : ओसीआय, आणि सगळ्यांचं एकदम. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या, पण एकट्या मुलांचं काढून स्वतःचं राहू देणाऱ्या बाबांना मी हात जोडून सांगेन की फोन आधी तुम्हाला येणार आहे.

अमेरिकन सून किंवा जावई : लग्नाची नोंदणी होऊन संसाराला सलग 2 वर्षं झाल्याशिवाय ओसीआयचा अर्ज करता येत नाही. तोवर ई-व्हिसा किंवा 10 वर्षांचा व्हिसा. लग्न लोणावळ्यात थाटात झालं पण नोंदणी राहिली असेल तर ती आधी करून घ्या.

नुसते हौसेने येणारे मित्र-मैत्रिणी : ई-व्हिसा, विषय संपला. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशांतून येत असतील तर लशीचं प्रमाणपत्र सोबत हवं.

निवृत्तीनंतर वर्षातले आठ-नऊ महिने पुण्यात काढणारे, अमेरिकन नागरिकत्व घेतलेले काका-काकू : ओसीआयच. 180 दिवसांची मोजदाद त्यांना झेपणारी नाही आणि करायलाही लागू नये.

व्हिसावर येणाऱ्यांचा पासपोर्ट उतरण्याच्या दिवसापासून पुढे सहा महिने चालू हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. 1 ऑक्टोबर 2025 पासून विमानातल्या कागदी फॉर्मऐवजी ई-अरायव्हल कार्ड आलं आहे. ते उतरण्याच्या आधीच्या 72 तासांत ऑनलाइन आणि फुकट भरायचं असतं. ओसीआयवाल्यांनी जुना पासपोर्ट सोबत बाळगायची सक्ती 2021 मध्ये गेली, पण चालू पासपोर्ट आणि ओसीआय दोन्ही हातातल्या पिशवीत हवेत, सामानात नकोत. मूल 20 वर्षांचं होईपर्यंत प्रत्येक नवा पासपोर्ट आला की तीन महिन्यांच्या आत त्याची प्रत आणि नवा फोटो ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवायचा. त्याला पैसे पडत नाहीत. 20 नंतर ओसीआय एकदा नव्याने काढून घ्यायचं, कारण बाळपणीच्या फोटोवरून तरुण माणूस ओळखता येत नाही.