केस दुसऱ्या कोर्टात वर्ग करायची आहे? आधी भीती कुठवर आहे ते पाहा

"इथं मला न्याय मिळणार नाही," असं पक्षकार म्हणतो, तेव्हा मी पहिल्यांदा विचारते, "इथं म्हणजे कुठं? समोरच्या कोर्टात, या जिल्ह्यात, की या राज्यात?" अर्ज कुठं करायचा हे त्या उत्तरावर ठरतं.

भीती एका कोर्टापुरती असेल तर सत्र न्यायाधीशांकडे जा. फौजदारी खटल्यांसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४४८, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ४०८. त्याच सत्र विभागातल्या, म्हणजे साधारणपणे त्याच जिल्ह्यातल्या, दुसऱ्या कोर्टात केस जाते. खर्च कमी, साक्षीदारांची पायपीटही नाही.

सगळा जिल्हाच दबावाखाली असेल तर उच्च न्यायालय, कलम ४४७. पण जिल्ह्याच्या आतच बदल हवा असेल, तर सत्र न्यायाधीशांनी अर्ज फेटाळल्याशिवाय तिथं जाता येत नाही. ही पायरी चुकवून लोक महिने घालवतात. आपल्याकडची आणखी एक गोष्ट: गोव्यातल्या म्हापशाची केस सावंतवाडीला आणायची तर राज्य बदलतं, पण दोन्ही कोर्टं मुंबई उच्च न्यायालयाच्याच अधिकारात आहेत. बेळगावची केस कोल्हापूरला आणायची तर मात्र थेट दिल्ली.

दिल्ली म्हणजे सर्वोच्च न्यायालय, कलम ४४६. राज्याच्या यंत्रणेवरच भरवसा नसेल तेव्हाची ही वाट. २००२ च्या गुजरात दंगलीतल्या सामूहिक बलात्कार आणि हत्यांचा बिल्किस बानो खटला २००४ मध्ये गुजरातेतून मुंबईत आला, २००८ मध्ये इथं शिक्षा झाली. पुढे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की दोषींच्या शिक्षामाफीचा निर्णय गुजरात नव्हे, महाराष्ट्र सरकारच घेऊ शकतं, कारण खटला इथं चालला. वर्ग होण्याचे परिणाम इतके लांबवर जातात. भाषेचाही विचार करा. जम्मू-काश्मीरमधला, लहान मुलीवरच्या बलात्कार आणि हत्येचा कठुआ खटला २०१८ मध्ये पंजाबात पठाणकोटला गेला, तेव्हा उर्दूतले जबाब इंग्रजीत भाषांतरित करावे लागले.

तिन्हीकडे अर्ज टिकतो तो तपशिलावर. "साक्षीदारांवर दबाव आहे" एवढ्यावर कोणी केस हलवत नाही. कोणत्या तारखेला, कोर्टाच्या जिन्यात कोणी अडवलं, काय शब्द वापरले, हे प्रतिज्ञापत्रात हवं. सोबत पोलिसांत दिलेल्या अर्जाची शिक्का मारलेली पोच आणि रोजनाम्याची, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीची, नक्कल. एखादा आदेश विरोधात गेला, म्हणून न्यायाधीश पक्षपाती ठरत नाहीत. अर्ज खोडसाळ निघाला तर समोरच्याला भरपाई द्यावी लागू शकते.

आणि अडचण फक्त अंतराची असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: वर्ग मागू नका. मनेका गांधींनी मुंबईतला बदनामीचा खटला बाहेर नेण्याची मागणी केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली, पण महत्त्वाचे प्रसंग सोडून वैयक्तिक हजेरीतून सूट देण्याचा विचार उदारपणे व्हावा, असं म्हटलं. आज हजेरीमाफीचा अर्ज आहे, व्हिडिओवरून साक्षही होते. जिवाला धोका असलेल्या साक्षीदारासाठी २०१८ पासून साक्षीदार संरक्षण योजना आहे.

अर्ज दाखल केला म्हणून खालचं कामकाज थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते. ती हातात येईपर्यंत पुढच्या तारखेला जुन्याच कोर्टात हजर राहा, नाहीतर वॉरंट निघेल.