मिरजेचा तानपुरा: रियाजाला उत्तम, ऑक्टोबरात हट्टी

2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं हे वाद्य आवाजात यंत्रावरच्या तानपुऱ्याला सहज मागे टाकतं. घेताना चारही तारा छेडून बघा: तीन पोलादी, खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या सुराची, पितळी. घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) तारेखालचा सुती दोरा केसभर सरकवला की बोथट आवाज एकदम खुलतो. कुठेच खुलला नाही तर जवारी, म्हणजे घोडीचा वरचा पृष्ठभाग, घासलेली समजा, ती कारागिराकडूनच नीट करून घ्यावी.

पाऊस सरला, हवा कोरडी झाली की तारा ताणणाऱ्या खुंट्या आकसून घसरतात. खडूची पूड लावा, आत दाबतच पिळा. तेल चुकूनही नको. बारीक सूर तारांमधल्या मण्यांनी लावा. प्रवासात मात्र भोपळा जपावा लागतो, ही कटकट आहेच.